फक्कीच्या भिंती

मोकळ्या माळावर, जिथं भिंत तर सोडाच, कुंपणाची काटीसुद्धा नाही, तिथं एक गोरा म्हातारा दोन्ही हात वर करून ओरडतोय, “भिंतीतून जाऊ नका! दारानं या!” आणि समोरची बाई डोक्यावरची पाटी सांभाळत, पायाखाली बघत, पांढऱ्या रेघेच्या कडेकडेनं दार शोधत चाललीय. आमच्या साहेबांची आठवण काढली की मला सगळ्यात आधी हेच दिसतं.

त्यांच्याकडे मी बरीच वर्षं नोकरी केली. ते कोण होते हे आपल्याला नीट सांगता येईल असं वाटून लिहायला बसले, आणि आता वाटतंय की येणार नाही. तरी लिहिते. मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, लोक कंटाळले तरी सांगते. शिकलेल्या माणसानं हातात घेतलेलं काम अर्धं टाकू नये, एवढं तरी मला कळतं.

साहेब स्कॉटलंडचे. घरं, इमारती यांचे नकाशे काढणारे, म्हणजे आर्किटेक्ट. तिकडं मोठं नाव कमावून उतारवयात ते नगरला आले, एका मिशनच्या वसतिगृहाची इमारत बघायला, थोड्या आठवड्यांसाठी. ते परत गेलेच नाहीत. का गेले नाहीत, याची उत्तरं त्यांनी माणसागणिक वेगळी दिली. मला म्हणाले, “परतीची पिशवी भरायचा कंटाळा आला.” 

मराठी ते रज्जाकभाईंकडून शिकले होते. रज्जाकभाई म्हणजे त्यांचे कायमचे गवंडी. त्यामुळे साहेबांची मराठी ही साईटवरची मराठी. कलेक्टर कचेरीत गेले तरी “आमी”, “तुमी”, “लई”, आणि राग आला की रज्जाकभाईंच्या दोन खास शिव्या, त्याही अगदी स्वच्छ उच्चारात. अधिकारी माझ्याकडे बघायचे. मी खिडकीबाहेर बघायचे.

त्यांना इंग्रज म्हटलेलं चालत नसे. आमची आई त्यांना पहिल्यांदा भेटली तेव्हाचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

“इंग्रज न्हाई मी,” साहेब म्हणाले.

“मग बोलताय ती कंची भाषा?”

“इंग्रजी.”

“मग?”

साहेबांनी आईच्या चुलीत एक काटकी सरकवली. मग म्हणाले, “मला न्हाई म्हाईत.”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ‘मला न्हाई म्हाईत.’ सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आपल्याला ‘मला माहीत आहे’ असं चारचौघांत म्हणता यावं म्हणून मी शिकले. एसटीच्या पासावर, उधारीच्या पुस्तकांवर शिकले. आणि ज्याच्याकडे नोकरीला लागले तो एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर, मजुरांसमोरसुद्धा, मला माहीत नाही म्हणायचा. त्यात त्यांना लाज वाटायची नाही. लाज मला वाटायची.

नोकरी लागली ती गोष्टही तशीच. कापडबाजाराच्या मागं त्यांच्या दोन खोल्या होत्या. मी इस्त्रीचा ड्रेस घालून, सर्टिफिकेटं घेऊन गेले. त्यांनी सर्टिफिकेटांकडे पाहिलंच नाही. मेच्या उन्हाळ्यात पायात लोकरीचे मोजे, त्यावर चपला, गळ्यात शिंप्यासारखा टेप. मला विचारलं, “घरात तुमची आई कुठं बसते?”

असा प्रश्न कुठल्या मुलाखतीत विचारतात? मी चिडून म्हणाले, “आमची आई बसत नाही.”

त्यांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मग म्हणाले, “सोमवारपासून या.”

मी बरोबर उत्तर दिलं होतं की चुकीचं, हे मला आजवर समजलेलं नाही.

कुणाच्याही घरात गेले की ते आधी जमिनीवर उताणे झोपायचे. टेप छातीवर, डोळे छताकडे. म्हणायचे, आजारी माणसाला घर असंच दिसतं, म्हणून घर असंच तपासायचं. एकदा एका पुढाऱ्याच्या बंगल्याची वास्तुशांती होती. आम्हालाही आमंत्रण. झुंबर काय, आरसे काय, खाली पांढरीशुभ्र फरशी. जरीच्या साड्यांमधून वाट काढत साहेब हॉलच्या मधोमध गेले आणि आडवे झाले. चक्कर आली समजून दोघं-तिघं पाणी घेऊन धावले. साहेब झोपल्या झोपल्याच पुढाऱ्याला म्हणाले, “हितं आजारी पडू नका हं.”

पुढाऱ्यानं ते आशीर्वाद म्हणून घेतलं. हात जोडले. मला जेवण गेलं नाही.

आता फक्कीचं सांगते. पाया खणायच्या आधी गवंडी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारतात, म्हणजे कुठं खणायचं ते कळतं. सगळेच मारतात. पण साहेब रेघा मारून झाल्या की खणू द्यायचे नाहीत. ज्यांचं घर, त्या सगळ्यांनी एक अख्खा दिवस त्या रेघांच्या घरात राहायचं. तीन दगड मांडून स्वयंपाक करायचा, जेवायचं, दुपारी आडवं व्हायचं, पोरांनी अभ्यास करायचा, पाव्हणा आला तर त्याला रेघेतल्या बैठकीत बसवायचं. आणि साहेब एका बाजूला खुर्ची टाकून दिवसभर ओरडणार, “भिंतीतून जाऊ नका!”

लोक विसरायचेच. पाणी आणायला म्हणून उठायचे आणि सरळ भिंतीतून निघून जायचे. संध्याकाळी साहेब बघायचे, कुठली रेघ पायांनी जास्त पुसलीय. तिथं दार काढायचे.

मी एकदा विचारलं, “जिथून जातात तिथंच दार काढायचं असेल, तर दिवसभर ओरडता कशाला?”

“ओरडल्याबिगर कळत न्हाई, कोन खरंच जानार हाय.”

घोडेगावात एका बैलांच्या व्यापाऱ्याचं घर काढलं तेव्हाची गंमत. दोन भाऊ, दोन जावा. रेघांच्या स्वयंपाकघरात दोघी जावांनी दुपारपर्यंत एकत्र रांधलं आणि दुपारनंतर असं भांडण काढलं की आजूबाजूचे लोक जमले.

“तुमच्या बाजूला दोन पावलं जास्त घेतलीत!” धाकटी म्हणाली.

“चुना आहे तो, सोनं नाही,” थोरली म्हणाली. “घे, आणखी घे!” आणि पायानं भिंतच सरकवून दिली.

दोघे भाऊ हात जोडून साहेबांकडं आले. “साहेब, काहीतरी सांगा यांना.”

“मी कशाला सांगू? भांडू द्या. आत्ता फक्की हाय. नंतर विटा असत्यात.”

तेवढ्यात बाजाराला निघालेल्या दोन म्हशी रस्ता सोडून आल्या आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून थोरलीच्या खोलीत, अशा संथपणे निघून गेल्या. साहेब खुर्चीवरून उठून त्यांच्यावरही ओरडले. मग त्या गेल्या त्या रेघेवर उभं राहून गंभीरपणे रज्जाकभाईंना म्हणाले, “हितनं पन एक ठेवा.” आज त्या घरात दोन चुली आहेत, मध्ये एक खिडकी आहे, आणि ज्या दारानं म्हशी गेल्या त्या दारानं दोघी जावा दुपारच्या चहाला एकमेकींकडे येतात. हे साहेबांना आधीच ठाऊक होतं का? त्यांना विचारलं तर ते काय म्हणाले असतील, ते तुम्ही ओळखलं असेलच.

साहेब असं का करतात, याचं कारण तिकडं त्यांनी बांधलेल्या इमारतींत होतं, एवढं आम्हाला कळलं होतं. तरुणपणी त्यांनी गरीब लोकांसाठी उंचच उंच इमारती काढल्या होत्या. प्रत्येक मजल्यावर एक लांबलचक सज्जा. बायका तिथं उभ्या राहून गप्पा मारतील, पोरं खेळतील, गल्लीच जणू आभाळात नेऊन ठेवायची, अशी त्यांची कल्पना. तिला बक्षीस मिळालं. बक्षिसाचा पितळी बिल्ला ते टेबलावर नकाशे उडू नयेत म्हणून ठेवायचे. पण त्या सज्ज्यांवर कुणी उभंच राहिलं नाही. वारा असा सुटायचा की दारं उघडायची नाहीत. लोक आतल्या आत कुढले. आणि एक दिवस सरकारनं सुरुंग लावून त्या इमारती पाडल्या.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढं घोळ आहे. घोडेगावच्या व्यापाऱ्याला साहेब म्हणाले होते की ते पाडताना बघायला गेलेच नाहीत. रज्जाकभाईंना म्हणाले होते की गेलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तशा मीपण वाजवल्या. आणि मला सांगितलेलं हे असं: गर्दीत उभे होते, गार वारा होता. शेजारच्या म्हातारीनं थर्मासमधला चहा दिला. धूळ उडाली तशी ती म्हणाली, ज्यानं हे बांधलं त्याचा मुडदा बसवला. रज्जाकभाईंकडून शिकलेल्या मराठीत तरी ते असंच झालं. साहेब तिला म्हणाले, “व्हय.” आणि चहा पिऊन टाकला.

मी आणि रज्जाकभाई यावर कित्येकदा बोललो.

“साहेब खोटं बोलणारा माणूस नाही,” मी म्हणायचे.

“नाहीच. तीनो बातें सच होंगी,” रज्जाकभाई थापीनं सिमेंटचा माल सपाट करत म्हणायचे. “इमारत तुम्ही पाडून बघितली का कधी? मग? माणूस एकाच वेळी तीन ठिकाणी असतो, मॅडम.”

मला हे पटलं नाही. मी बी.ए. आहे.

आमचं घर बांधायचं ठरलं तेव्हा मी साहेबांनाच सांगितलं. जामखेडच्या अलीकडे आमचं गाव. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आमची बौद्ध घरं तिथं. त्या वस्तीत पत्र्याच्या एका खोलीत आम्ही वाढलो. मी रस्त्याला लागून जागा घेतली. माझ्या मनात घर पक्कं होतं: पुढं हॉल, हॉलमध्ये समोरच्या भिंतीला बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली हातांची लाकडी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर आमचे आबा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं रस्त्यावरून बघावं की आबा आत, खुर्चीवर बसलेत. मला घरात दुसरं काही नको होतं. त्या खुर्चीसाठी मी घर बांधत होते म्हटलं तरी चालेल.

याचं कारण सांगते. आबांनी उभी हयात गावातल्या एका बागायतदाराकडं सालगडी म्हणून काढली. त्या वाड्याच्या दाराबाहेर, पायरीच्या खाली, आबांची बसायची जागा होती. चहा तिथं. भाकरी तिथं. मी लहानपणी आबांना बोलवायला गेले की तिथंच बघायचे. आतून कुणी बोललं की आबा बसल्या बसल्या मान वर करून उत्तर द्यायचे. ती वर केलेली मान मी विसरलेले नाही, आणि कुणी विसर म्हणालं तर त्याच्याशी मी भांडेन.

रेघा मारल्या. आई आणि आबा सकाळीच आले. आईनं पदर खोचला, दगड मांडले, आणि साहेबांसाठी ज्वारीच्या कण्या शिजवल्या. कण्यांत ती गूळ घालायला लागली तर साहेब खुर्चीवरून ओरडले, “मीठ! नुसतं मीठ!” त्यांच्या आईकडं सकाळी अगदी असंच काहीतरी असायचं म्हणे. आई मला म्हणाली, “गोरा हाय पर खातो आपल्यावानी.” 

आणि आबा? आबा दाराच्या रेघेपाशी आले, चपला काढल्या, आणि रेघेच्या बाहेर बसले.

मी म्हणाले, “आबा, आत या. हा हॉल आहे तुमचा.”

“हितं बरं हाय.”

“अहो, खुर्ची आणलीय मी!”

खरंच आणली होती, टेम्पोतून, रेघांच्या हॉलमध्ये मांडून ठेवली होती. आबा उठले, आत आले, खुर्चीवर बसले, हात कुठं ठेवावेत ते न कळून गुडघ्यांवर ठेवले. मी पाणी आणायला वळले. येऊन बघते तर आबा परत रेघेबाहेर. बसलेले कसे? उकिडवे, पाठ घराकडं अर्धी वळवून, कुणी आतून हाक मारली तर मान वर करता यावी असे. अगदी त्या वाड्यापाशी बसायचे तसे. स्वतःच्या घराबाहेर.

दिवसभर हेच चाललं. साहेब ओरडायचे बंद झाले होते. ते नुसते आबांकडं बघत होते. चार वाजायच्या सुमाराला उठले, रज्जाकभाईंकडून फक्कीचं घमेलं घेतलं आणि आबा बसले होते तिथं, दाराच्या बाहेर, ओटा आखायला लागले. छान सावलीचा, रुंद ओटा.

माझं डोकं फिरलं. मी इंग्रजीत बोलायला लागले, आबांना कळू नये म्हणून. ते वाड्याच्या पायरीचं सगळं सांगितलं. मी म्हणाले, ही त्यांची सवय नाही, ही त्यांना लावलेली सवय आहे. तुम्ही तिच्यावर छप्पर घालताय. माझा बाप आत बसेल.

साहेब मराठीत म्हणाले, “पन ते हितं बसत्यात.”

“बसायला लावलं म्हणून बसतात!”

“तुमाला कसं म्हाईत?”

“माझा बाप आहे.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते एवढ्या मोठ्यानं कधी माझ्यावर बोलले नव्हते. “मला पन म्हाईत हुतं! इतक्या मानसांचं म्हाईत हुतं मला, कुठं उभं राहायचं, कुठं बोलायचं, सगळं! मी न्हाई परत कुनाला सांगनार कुठं बसायचं!”

“तुम्ही सांगू नका. मी सांगते. घर माझं आहे.”

“घर त्यांचं हाय का तुमचं?”

मी खुर्चीच्या हातावरची धूळ झटकली. आई चुलीपाशी पळी हातात धरून उभी. रज्जाकभाई पाठ करून विडी शोधत होते. खरं सांगते, मला त्या वेळी आम्हा दोघांचंही बरोबर वाटत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

शेवटी साहेब आबांपुढं जाऊन खाली मातीत बसले. “आबा, तुमी सांगा. आत का भाईर?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं. मग त्या नव्या लाकडी खुर्चीकडं. आणि म्हणाले, “हितं बरं हाय.”

“का बरं हाय?”

“बरं हाय.”

एवढंच. तिथून ते हललेही नाहीत. साहेबांनी हाताची माती झटकली. मग उठले आणि मी बघत असताना त्यांनी आखलेला ओटा चपलेनं पुसून टाकला. घमेलं उचललं. आबांच्या पाठीमागून हॉलच्या कडेची रेघ होती ती तशीच ठेवली, आणि आबांच्या पुढून, रस्त्याच्या बाजूनं, दुसरी एक रेघ मारली. आबा मधोमध. दोन रेघांच्या मध्ये, उकिडवे, आपल्या पायांपुढून जाणारी फक्की बघत.

“दोन भिंती,” साहेब रज्जाकभाईंना म्हणाले. “हिला एक दार, तिला एक दार. मधी बैठक, शहाबादी फरशीची.”

“एका जागी दोन दरवाजे?” रज्जाकभाई म्हणाले. “लोग हसेंगे, साब.”

“हसू द्या.”

मी विचारलं, “आता हे आत झालं की बाहेर?”

“मला न्हाई म्हाईत,” साहेब म्हणाले.

घर झालं, जोतं रस्त्यापासून चार पायऱ्या उंच. बाहेरचं दार लावलं की बैठक घरात येते, आतलं लावलं की बाहेर जाते, दोन्ही उघडी असली की कुठंच नसते. बैठकीची उंची साहेबांनी स्वतः आबांच्या गुडघ्याला टेप लावून घेतली, रुंदी बेताची ठेवली, त्यामुळे तिथं उकिडवं बसताच येत नाही, पाय सोडूनच बसावं लागतं. लांबी मात्र विचित्र ठेवली: एक माणूस ऐसपैस, दोन बसले तर खांद्याला खांदा. मी हॉलमध्ये तसबीर लावली, तिच्याखाली खुर्ची मांडली. आबा गृहप्रवेशाच्या दिवशी वंदना होईपर्यंत खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवसापासून बैठकीवर.

साहेब महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. कण्या खायचे, हॉलमध्ये उताणे पडून छत बघायचे, आणि मग बैठकीवर आबांना चिकटून बसायचे. दोघं काय बोलायचे? काहीही नाही. एसटी गेली की आबा म्हणायचे, “उशीर झाला आज.” साहेब म्हणायचे, “व्हय.”

एक दिवस बागायतदार आले. ज्यांच्या पायरीखाली आबा बसायचे तेच, आता म्हातारे झालेले, गाडी घेऊन. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. मी आत स्वयंपाकघरात होते, तिथून दोन्ही दारांमधून सरळ दिसत होतं. माझे हात थांबले. आबा उठतील? खाली उतरतील? मी मनात म्हणत होते, आबा, उठू नका. एवढं करा. उठू नका.

आबा थोडे उठले. अर्धे. मग काय झालं कोण जाणे, तिथंच एका बाजूला सरकले आणि फरशीवर हात थोपटून म्हणाले, “बसा की मालक.”

मालकांनी त्या अर्ध्या जागेकडं बघितलं. “नको, घाई हाय,” म्हणाले. आणि घाई आहे म्हणून, उन्हात उभं राहून, बराच वेळ बोलले. पाऊस, कांद्याचा भाव, गुडघेदुखी. आबा वर पाय सोडून बसलेले, मालक खाली उभे, मान वर करून बोलतायत. शेवटी पत्रिका दिली नि गेले.

मालक आबांच्या शेजारी बसले नाहीत, हा अपमान धरायचा? की आबा बसलेले आणि मालक उभे, हा मान? मला ठरवता येईना, पण आनंद इतका झाला होता की दुसऱ्या दिवशी नगरला गेल्या गेल्या साहेबांना सगळं सांगितलं, हातवारे करून. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, “ऊन हुतं?”

“म्हणजे?”

“ते मानूस उभं हुतं तिथं. सावली हुती का?”

मी पर्स टेबलावर आपटली. “त्यांची काळजी करताय तुम्ही? माझ्या बापाला आयुष्यभर ज्यांनी उन्हात बसवलं, त्यांची?”

“म्हाताऱ्याचा गुडघा दुखतो म्हनलात ना,” साहेब म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात रज्जाकभाईंना पाठवून आमच्या दारावरचा छज्जा रस्त्याच्या बाजूला वाढवून घेतला. मी त्या आठवड्यात त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. छज्जा मात्र राहू दिला. अजून आहे. एसटीची वाट बघणारी माणसं उन्हाची त्याच्याखाली उभी राहतात.

साहेब गेले ते थोड्याशा आजारानं, नगरलाच. ते गेल्यावर त्यांना कुठल्या पद्धतीनं न्यायचं यावर घोळ झाला. वसतिगृहाचे लोक म्हणाले, ते आमच्यातले. पण रविवारी प्रार्थनेला साहेब कधी दिसले नव्हते. रज्जाकभाई म्हणाले, दर रमजानला एक रोजा माझ्यासोबत धरायचे. आई म्हणाली, आमच्याकडं बुद्धापुढं हात जोडायचे. सगळे त्यांना आपापलं समजत होते आणि सगळ्यांकडं पुरावा होता. अखेर ख्रिस्ती दफनभूमीत नेलं. जागा आखायची वेळ आली तेव्हा रज्जाकभाई सवयीनं फक्की घेऊन आले आणि रेघा मारल्या. गर्दी बरीच होती, घोडेगावचे दोघे भाऊ, दोघी जावा, कुठल्या कुठल्या गावची माणसं. कुणीही त्या रेघेवरून गेलं नाही. सगळे कडेकडेनं गेले. ओरडायला कुणी नव्हतं तरी.

तो पितळी बिल्ला आता आमच्या आईकडं आहे. दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर ती तो वजन म्हणून ठेवते, मांजर येऊ नये म्हणून.

आबा आता खूप थकलेत. बैठकीवर बसतात ते एका बाजूला सरकून, दुसरी बाजू रिकामी ठेवून. मी खुर्चीचा आग्रह सोडलेला नाही. रोज ती पुसते. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला अजून वाटत नाही. साहेबांचंही चुकीचं होतं असं म्हणवत नाही. हे असं लिहिताना मला बरं वाटत नाही, कुठल्या तरी एका बाजूला मला उभं राहायचंय, पण काय करणार.

परवा कामावरून आले. उन्हानं जीव गेलेला, पर्स खांद्याला, चपला काढायचंही त्राण नव्हतं. आबांच्या शेजारच्या त्या रिकाम्या अर्ध्या जागेवर मी पहिल्यांदाच बसले. फरशी गार होती. आबांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. समोर रस्ता, मागं हॉल, खुर्ची.

रस्त्यानं शाळेचे एक गुरुजी चालले होते, मला ओळखणारे. थांबले. हसून म्हणाले, “काय मॅडम, एवढं घर बांधलंय, आणि तुम्ही बाहेर बसलाय?”

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले. मोठ्यानं, पलीकडं त्या मालकांच्या वाड्यापर्यंत ऐकू जाईल असं.

“भाईर कुठं, गुरुजी? घरात बसलीय की ती.”